गर्भाशयाचा कॅन्सर बरा झाल्यावर १०-१५ वर्षांनी आतड्यात परत येऊ शकतो का? तेव्हा जुनी फाइल का लागते?

गर्भाशयाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं. गरज होती म्हणून रेडिएशनही घेतलं. पाच वर्षं न चुकता तपासण्या झाल्या, रिपोर्ट चांगले आले आणि डॉक्टर म्हणाले, "आता काही त्रास झाला तरच या." फाइल कपाटाच्या वरच्या फळीवर गेली.

त्यानंतर सहा-सात वर्षांनी पोट फुगायला लागतं. कधी बद्धकोष्ठ, कधी जुलाब, शौचावाटे थोडं रक्त. वय साठीच्या पुढचं. घरात कुणी म्हणतं गॅसेस असतील, कुणी म्हणतं मूळव्याध. शेवटी पोटाच्या डॉक्टरांकडे गेल्यावर ते विचारतात, "आधीचा काही आजार?" उत्तर मिळतं, "बीपीची गोळी चालू आहे. आणि पिशवी काढलीये, पण त्याला झाली बारा वर्षं."

पिशवी कशासाठी काढली होती, हे सांगायचं राहून जातं.

असं अनेक घरांमध्ये घडू शकतं. गर्भाशयाचा कॅन्सर उपचारांनंतर बऱ्याच वर्षांनी परत येणं आणि तोही आतड्यात येणं, ही दुर्मिळ गोष्ट आहे. बहुतेक महिलांच्या बाबतीत असं होत नाही. पण जेव्हा होतं, तेव्हा तो 'आतड्याचा नवा कॅन्सर' समजला जाण्याची शक्यता असते. दोन्हींचे उपचार वेगळे आहेत. म्हणूनच बारा वर्षांपूर्वीचा एक कागद इतका महत्त्वाचा ठरतो.

हे सगळं नेमकं काय आहे, ते सोप्या शब्दांत समजून घेऊया.

गर्भाशयाचा कॅन्सर म्हणजे नेमका कोणता?

आपल्याकडे 'पिशवीचा कॅन्सर' हा शब्द दोन वेगवेगळ्या आजारांसाठी वापरला जातो. त्यातला एक म्हणजे गर्भाशयमुखाचा कॅन्सर. तो बहुतांश वेळा एचपीव्ही या विषाणूच्या संसर्गामुळे होतो. त्यावर लस आहे आणि भारतात त्याचं प्रमाण जास्त आहे.

दुसरा म्हणजे खुद्द गर्भाशयाचा कॅन्सर. या लेखात आपण या दुसऱ्या कॅन्सरबद्दल बोलतोय.

गर्भाशयाला आतून एक अस्तर असतं. दर महिन्याला पाळीच्या वेळी हेच अस्तर गळून पडतं. या अस्तरात सुरू होणाऱ्या कॅन्सरला एंडोमेट्रियल कॅन्सर म्हणतात. गर्भाशयाच्या कॅन्सरपैकी बहुतेक याच प्रकारचे असतात. इस्ट्रोजेन हे हार्मोन दीर्घकाळ जास्त प्रमाणात राहणं, लठ्ठपणा, मधुमेह आणि वाढतं वय यांच्याशी त्याचा संबंध आहे. काही कुटुंबांमध्ये तो आनुवंशिकही असतो.

याशिवाय गर्भाशयाच्या स्नायूंमध्ये किंवा अस्तराला आधार देणाऱ्या पेशींमध्ये सुरू होणारे 'सार्कोमा' नावाचे कॅन्सर असतात. ते बरेच कमी आढळतात. पण उशिरा परत येण्याच्या बाबतीत त्यांचा वेगळा विचार करावा लागतो. त्याबद्दल पुढे पाहू.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये जगभरात सुमारे ४ लाख २० हजार महिलांना गर्भाशयाच्या कॅन्सरचं निदान झालं. त्याच वर्षी या आजाराने सुमारे ९८ हजार मृत्यू झाले.

हा कॅन्सर बऱ्याचदा लवकर सापडतो, कारण तो लवकर इशारा देतो. पाळी कायमची गेल्यानंतर अंगावरून रक्त जाणं हे त्याचं सगळ्यात ठळक लक्षण आहे. सुमारे ९० टक्के रुग्ण महिलांमध्ये असा रक्तस्राव दिसतो. कॅन्सर गर्भाशयापुरताच मर्यादित असताना सापडला, तर उपचारांचे निकाल खूप चांगले असतात. अमेरिकेतल्या आकडेवारीत अशा महिलांचं पाच वर्षं जगण्याचं प्रमाण सुमारे ९५ टक्के आहे.

गर्भाशयच काढून टाकलं, मग कॅन्सर परत येतो कुठून?

हा प्रश्न पडणं अगदी साहजिक आहे. जो अवयवच शरीरात नाही, त्याचा कॅन्सर कसा होईल?

ऑपरेशनमध्ये गर्भाशय, बीजवाहिन्या, बहुतेक वेळा दोन्ही अंडाशयं आणि गरज असेल तर आजूबाजूच्या लसिका ग्रंथी काढल्या जातात. डोळ्यांना दिसणारी आणि स्कॅनमध्ये दिसणारी गाठ त्यात निघून जाते. पण कॅन्सरच्या काही मोजक्या पेशी ऑपरेशनच्या आधीच तिथून निसटलेल्या असू शकतात. त्या इतक्या थोड्या असतात की कोणत्याही स्कॅनमध्ये दिसत नाहीत. रेडिएशन आणि केमोथेरपी दिली जाते ती याच पेशींना मारण्यासाठी.

त्यातल्या काही पेशी तरीही वाचल्या, तर पुढे अनेकदा लवकरच वाढू लागतात. म्हणूनच परत येणाऱ्या एंडोमेट्रियल कॅन्सरपैकी किमान ७० टक्के पहिल्या तीन वर्षांतच परत येतात. डॉक्टर सुरुवातीची दोन-तीन वर्षं दर तीन ते सहा महिन्यांनी आणि नंतर पाच वर्षांपर्यंत सहा महिने ते वर्षभराच्या अंतराने बोलावतात, त्याचं कारण हेच.

पण थोड्या रुग्णांमध्ये या पेशी वर्षानुवर्षं शांत राहतात. याला 'सुप्तावस्था' म्हणतात. जमिनीत पडलेलं बी पाऊस पडेपर्यंत रुजत नाही, तसंच काहीसं. यामागे तीन कारणं सांगितली जातात. एक, पेशी विभाजन थांबवून निपचित पडून राहते. दोन, छोटा पुंजका तयार होतो, पण त्याला नवा रक्तपुरवठा मिळत नाही. त्यामुळे जितक्या पेशी तयार होतात तितक्याच मरतात. तीन, शरीराची रोगप्रतिकारशक्ती त्यांना ताब्यात ठेवते. पुढे यातलं काही बदललं, की त्या पेशी वाढू लागतात.

बी आणि जमिनीची ही उपमा वैद्यकशास्त्रात जुनीच आहे. १८८९ मध्ये स्टीफन पॅजेट या ब्रिटिश सर्जनने स्तनाच्या कॅन्सरने मृत्यू झालेल्या ७३५ महिलांच्या नोंदी तपासल्या होत्या. कॅन्सर कुठेही योगायोगाने पसरत नाही, त्याच्या पेशींना मानवेल अशी 'जमीन' मिळाली तरच त्या तिथे रुजतात, असं त्याने मांडलं. आजही ही कल्पना ढोबळमानाने मान्य आहे.

कोणत्या प्रकारात उशिरा परत येण्याची शक्यता जास्त?

सीरस किंवा कार्सिनोसार्कोमा यांसारखे आक्रमक प्रकार परत आलेच, तर बहुधा लवकर येतात. उलट, हळू वाढणारे आणि हार्मोनवर अवलंबून असणारे प्रकार उशिरा डोकं वर काढू शकतात.

याचं सगळ्यात ठळक उदाहरण म्हणजे 'लो-ग्रेड एंडोमेट्रियल स्ट्रोमल सार्कोमा'. नाव अवघड आहे, पण एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. हा सार्कोमा संथ असतो आणि दहा, वीस वर्षांनंतरही परत येऊ शकतो. शिवाय तो अनेकदा फायब्रॉइडसारखा दिसतो. त्यामुळे 'फायब्रॉइडच्या गाठी आहेत' म्हणून गर्भाशय काढलं जातं आणि खरा प्रकार काय होता हे नंतर पॅथॉलॉजीच्या रिपोर्टमध्ये कळतं.

आता असा विचार करा, की तो रिपोर्ट कुणी घेतलाच नाही किंवा वाचलाच नाही. मग पंधरा वर्षांनी पोटात सापडलेल्या गाठीचा संबंध त्या ऑपरेशनशी कोण आणि कसा जोडणार?

पण आतड्यातच का?

याचं उत्तर पोटाच्या रचनेत आहे. गर्भाशयाच्या पुढे मूत्राशय असतं आणि मागे गुदाशय, म्हणजे मोठ्या आतड्याचा शेवटचा भाग. त्याच्या जरा वर मोठ्या आतड्याचा इंग्रजी एस अक्षरासारखा वळलेला भाग असतो, त्याला सिग्मॉइड म्हणतात. लहान आतड्याची वेटोळीही ओटीपोटात उतरलेली असतात. गर्भाशय काढल्यावर तर ती रिकाम्या जागेत आणखी खाली येतात.

गर्भाशय आणि गुदाशय यांच्यामधली खोलगट जागा ही उभं असताना पोटाच्या पोकळीतली सगळ्यात खालची जागा असते. पोटाच्या पोकळीत सुट्या झालेल्या पेशी तिथे साचू शकतात.

कॅन्सर आतड्यापर्यंत साधारण चार मार्गांनी पोहोचतो:

- योनीच्या वरच्या टोकाशी किंवा ओटीपोटात परत आलेली गाठ वाढत जाऊन शेजारच्या आतड्याला चिकटते.
- पोटाच्या पोकळीत सुट्या झालेल्या पेशी आतड्याच्या बाहेरच्या आवरणावर रुजतात.
- लसिका वाहिन्यांमधून पेशी तिथे पोहोचतात.
- रक्तावाटे पेशी तिथे पोहोचतात. हा मार्ग आतड्याच्या बाबतीत कमी दिसतो.

यातल्या पहिल्या दोन मार्गांमध्ये कॅन्सर बाहेरून आत येतो, हे महत्त्वाचं आहे. आतड्याचा स्वतःचा कॅन्सर आतल्या अस्तरात सुरू होतो आणि बाहेर पसरतो. गर्भाशयातून आलेला कॅन्सर आधी बाहेरच्या आवरणावर बसतो, मग स्नायूंमध्ये शिरतो आणि आतल्या अस्तरापर्यंत शेवटी पोहोचतो.

याचा थेट परिणाम तपासणीवर होतो. कोलोनोस्कोपीमध्ये कॅमेरा आतड्याच्या आतून फिरतो. अस्तर शाबूत असेल, तर आतून सगळं ठीक दिसू शकतं. फार तर आतडं एका जागी बाहेरून दाबल्यासारखं किंवा अरुंद झालेलं दिसतं. तिथून घेतलेला वरवरचा तुकडा 'नॉर्मल' येऊ शकतो. शौचातल्या रक्ताची तपासणीही निगेटिव्ह येऊ शकते. त्यामुळे आधी गर्भाशयाचा कॅन्सर झालेला असेल आणि त्रास थांबत नसेल, तर कोलोनोस्कोपी चांगली आली एवढ्यावर विषय संपवता येत नाही. पोट आणि ओटीपोटाचा सीटी स्कॅन किंवा एमआरआय लागू शकतो.

लक्षणं कोणती? आणि ती अंगावर का काढली जातात?

पोटात थांबून थांबून येणारी कळ, पोट फुगणं, शौचाच्या सवयीत बदल, शौचावाटे रक्त, भूक मंदावणं, वजन उतरणं, दम लागेल इतका अशक्तपणा. लक्षणांची ही यादी वाचून लक्षात येईल की यात गर्भाशयाशी जोडता येईल असं काहीच नाही.

त्यात आणखी एक अडचण आहे. गर्भाशयाच्या कॅन्सरचे उपचार झालेल्या महिलेला पोटाचा त्रास होण्याची इतरही कारणं असतात आणि ती जास्त प्रमाणात दिसतात.

पहिलं कारण म्हणजे चिकटलेली आतडी. पोटाच्या कोणत्याही मोठ्या ऑपरेशननंतर आत व्रणाचे पडदे तयार होतात. त्यात आतडं अडकून अनेक वर्षांनी अडथळा येऊ शकतो.

दुसरं कारण रेडिएशन. ओटीपोटाला दिलेल्या रेडिएशनचा गुदाशयावर आणि लहान आतड्यावर परिणाम होतो. तो कधी कधी काही महिन्यांनी, तर कधी अनेक वर्षांनी समोर येतो. त्यात रक्त जाणं, जुलाब, वारंवार शौचाला जावंसं वाटणं असे त्रास होतात.

तिसरं कारण म्हणजे आतड्याचा नवा, स्वतंत्र कॅन्सर. आणि चौथं, जुना कॅन्सर परत येणं.

मूळव्याध, आतड्याचा दाह, औषधांचे दुष्परिणाम ही नेहमीची कारणं तर आहेतच. त्यामुळे पोट बिघडलं की लगेच घाबरून जायचं कारण नाही. पण यातलं कोणतंही कारण नुसत्या लक्षणांवरून ठरवता येत नाही. 'रेडिएशनमुळे होतंय' किंवा 'मूळव्याधच असेल' हा निष्कर्ष तपासणीनंतर काढायचा असतो.

आणि घरातल्या बाईचं दुखणं सगळ्यात शेवटी डॉक्टरांपर्यंत पोहोचतं, हेही खरं आहे. शौचाबद्दल, अंगावरून जाण्याबद्दल बोलायला संकोच वाटतो. मुलांना त्रास नको म्हणून महिने निघून जातात. उपचार संपल्यानंतर परत आलेल्या कॅन्सरपैकी मोठा भाग रुग्णाने सांगितलेल्या तक्रारीमुळे सापडतो. त्यामुळे इथे गप्प राहणं महागात पडू शकतं.

जुना कॅन्सर की नवा? हे कसं ओळखतात?

आतड्यातल्या गाठीचा तुकडा पॅथॉलॉजिस्टकडे जातो. सूक्ष्मदर्शकाखाली गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर आणि मोठ्या आतड्याचा कॅन्सर एकमेकांसारखे दिसू शकतात. दोन्ही ग्रंथींच्या पेशींपासून तयार होतात. मग फरक कसा करायचा?

त्यासाठी इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री नावाची तपासणी असते. पेशींमध्ये ठराविक प्रथिनं आहेत की नाहीत, हे विशिष्ट रंगांच्या मदतीने पाहिलं जातं. एका अर्थाने पेशीचा मूळ पत्ता शोधला जातो.

गर्भाशयातून आलेल्या पेशींमध्ये बहुधा पॅक्स-८, सीके-७ आणि इस्ट्रोजेन रिसेप्टर या खुणा सापडतात. मोठ्या आतड्याच्या पेशींमध्ये बहुधा सीके-२०, सीडीएक्स-२ आणि सॅटबी-२ सापडतात. एकाच खुणेवरून निर्णय होत नाही, कारण अपवाद असतात. म्हणून अनेक खुणा एकत्र पाहिल्या जातात.

पण या तपासण्या आपोआप होत नाहीत. कोणत्या खुणा तपासायच्या हे पॅथॉलॉजिस्ट रुग्णाच्या माहितीवरून ठरवतात. फॉर्मवर 'वय ६५, मोठ्या आतड्यात गाठ' एवढंच लिहिलेलं असेल, तर आतड्याच्या कॅन्सरचा विचार आधी होणं स्वाभाविक आहे. त्याच फॉर्मवर 'पूर्वी गर्भाशयाचा कॅन्सर' एवढे शब्द वाढले, की शोधाची दिशा बदलते.

सार्कोमाच्या बाबतीत गोंधळ आणखी वेगळा होतो. आतड्याच्या भिंतीत 'जिस्ट' नावाच्या गाठी होतात. परत आलेला गर्भाशयाचा सार्कोमा तशाच गाठीसारखा भासू शकतो. जिस्टवर इमॅटिनिब नावाची गोळी प्रभावी ठरते. गर्भाशयाच्या सार्कोमासाठी तो उपचार नाही. इथेही खुणांची तपासणी आणि जुना इतिहास दोन्ही लागतात.

जुन्या ऑपरेशनमधल्या गाठीचा मेणात जपलेला तुकडा मिळाला, तर काम आणखी सोपं होतं. या तुकड्याला 'ब्लॉक' म्हणतात आणि त्यापासून काचेवर तयार केलेल्या पातळ कापाला 'स्लाइड'. जुनी आणि नवी स्लाइड शेजारी ठेवून पाहता येते. मुंबईच्या टाटा मेमोरियलसारख्या कॅन्सर रुग्णालयांमध्ये बाहेरून येणाऱ्या रुग्णांना स्लाइड आणि ब्लॉक सोबत आणायला सांगतात, ते म्हणूनच.

गर्भाशय आणि आतडं: एका शिवणकाम करणाऱ्या बाईची गोष्ट

गर्भाशय आणि आतडं यांच्या कॅन्सरचा आणखी एक संबंध आहे, तो आनुवंशिक.

१८९५ मध्ये अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठात आल्ड्रेड वॉर्थिन हे पॅथॉलॉजिस्ट काम करायचे. त्यांच्याकडे शिवणकाम करणाऱ्या एका बाईने त्यांना सांगितलं, की आपल्या घराण्यात अनेकांना पोटाचे आणि गर्भाशयाचे कॅन्सर झाले आहेत आणि आपणही तसंच लवकर जाणार. पुढे त्या बाईंचा मृत्यू खरंच गर्भाशयाच्या कॅन्सरने झाला. वॉर्थिन यांनी त्या घराण्याची माहिती गोळा केली आणि १९१३ मध्ये ती प्रसिद्ध केली. वैद्यकशास्त्रात हे घराणं 'फॅमिली जी' म्हणून ओळखलं जातं.

१९६० च्या दशकात डॉ. हेन्री लिंच यांनी अशा कुटुंबांवर सविस्तर काम केलं. या आजाराला आज 'लिंच सिंड्रोम' म्हणतात. आपल्या पेशींमध्ये डीएनएची नक्कल करताना झालेल्या चुका दुरुस्त करणारी यंत्रणा असते. लिंच सिंड्रोममध्ये या यंत्रणेच्या एका जनुकात जन्मतः दोष असतो. त्यामुळे मोठ्या आतड्याचा आणि गर्भाशयाचा कॅन्सर होण्याचा धोका वाढतो. एंडोमेट्रियल कॅन्सर झालेल्या दर १०० महिलांमध्ये साधारण तीन जणींना लिंच सिंड्रोम असतो.

म्हणजे एखाद्या महिलेला आधी गर्भाशयाचा आणि काही वर्षांनी आतड्याचा कॅन्सर झाला, तर तो जुनाच परत आलेला असू शकतो किंवा लिंच सिंड्रोममुळे झालेला नवा असू शकतो. दुसरी शक्यता खरी असेल, तर प्रश्न तिच्यापुरता राहत नाही. तिच्या भावंडांमध्ये आणि मुलामुलींमध्ये तोच दोष असण्याची शक्यता ५० टक्के असते. तसं निघालं, तर ठराविक वयापासून दर एक-दोन वर्षांनी कोलोनोस्कोपी करून त्यांचा कॅन्सर टाळता येतो किंवा लवकर पकडता येतो.

यासाठीची पहिली तपासणी गाठीच्या तुकड्यावरच होते. तिला 'एमएमआर' तपासणी म्हणतात. तुमच्या किंवा आईच्या रिपोर्टमध्ये हा शब्द आहे का, हे एकदा पाहून ठेवा. नसेल, तर डॉक्टरांना विचारा.

निदानामुळे उपचारांत काय फरक पडतो?

आतड्याच्या कॅन्सरवरची केमोथेरपी साधारणपणे फ्लुरोयुरॅसिल आणि ऑक्सॅलिप्लॅटिन या औषधांभोवती फिरते. गर्भाशयाच्या कॅन्सरमध्ये कार्बोप्लॅटिन आणि पॅक्लिटॅक्सेल ही जोडी वापरतात. चुकीचं निदान म्हणजे चुकीची औषधं, वाया गेलेले महिने आणि विनाकारण सोसलेले दुष्परिणाम.

गाठ एकाच जागी असेल आणि प्रकृती साथ देत असेल, तर आतड्याचा तेवढा भाग काढून टाकण्याचं ऑपरेशन होऊ शकतं. अनेक वर्षांनी, एकाच ठिकाणी परत आलेल्या कॅन्सरमध्ये हा पर्याय गांभीर्याने पाहिला जातो. काही वेळा पोटावर स्टोमा, म्हणजे शौचासाठीची बाहेरची पिशवी लावावी लागते. ती तात्पुरती किंवा कायमची असू शकते.

गाठीत हार्मोन रिसेप्टर असतील, तर हार्मोनवर काम करणाऱ्या गोळ्या उपयोगी पडतात. लो-ग्रेड स्ट्रोमल सार्कोमामध्ये तर लेट्रोझोलसारखी औषधं अनेक रुग्णांना दीर्घकाळ स्थिर ठेवू शकतात. अशा महिलांना इस्ट्रोजेन असलेली औषधं सहसा देत नाहीत.

गेल्या काही वर्षांत इम्युनोथेरपीमुळे चित्र बदललं आहे. एंडोमेट्रियल कॅन्सरपैकी साधारण एक चतुर्थांश कॅन्सरमध्ये आपण वर पाहिलेली डीएनए दुरुस्तीची यंत्रणा बिघडलेली असते. अशा कॅन्सरवर पेम्ब्रोलिझुमॅब आणि डोस्टारलिमॅब ही औषधं चांगला परिणाम दाखवतात. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन मोठ्या चाचण्यांमध्ये केमोथेरपीसोबत ही औषधं दिल्यावर आजार जास्त काळ आटोक्यात राहिल्याचं दिसलं. पण ही औषधं खूप महाग आहेत.

महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरची ऑपरेशनं, केमोथेरपी आणि रेडिएशन यांचा समावेश आहे. नेमका कोणता उपचार योजनेत बसतो, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडून आधीच विचारून घ्या.

कॅन्सर परत आला म्हणजे आता करण्यासारखं काही उरलं नाही, असं नसतं. तो कुठे आहे, किती जागी आहे, कोणत्या प्रकारचा आहे आणि आधी कोणते उपचार झालेत, यावर पुढचा मार्ग ठरतो. यातल्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर तुमच्या फाइलमध्ये असतं.

कॅन्सर दहा वर्षांनी येतो, कागद किती वर्षं टिकतात?

भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार डॉक्टरांनी दाखल रुग्णांच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं सांभाळणं बंधनकारक आहे. रुग्णाने मागितल्यावर ७२ तासांच्या आत त्या द्याव्यात, असंही नियम सांगतो.

म्हणजे नोंदी सांभाळण्याचं बंधन तीन वर्षांचं आणि आजार परतण्याची शक्यता त्याच्या कितीतरी पुढे जाणारी. मोठी रुग्णालयं कागद जास्त काळ ठेवतात, पण छोटी नर्सिंग होम बंद होतात, डॉक्टर निवृत्त होतात. त्यामुळे कागद जपण्याचं काम घरालाच करावं लागतं.

महाराष्ट्रात या मुद्द्याला आणखी एक बाजू आहे. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार महिलांची गर्भाशयं मोठ्या प्रमाणावर काढली गेल्याचं समोर आलं आणि त्याची देशभर चर्चा झाली. 'पिशवी काढली' हे आपल्याकडे किती सहज सांगितलं जातं, हेही त्यातून दिसलं. ऑपरेशन कोणत्याही कारणाने झालं असलं, तरी काढलेला अवयव तपासणीला पाठवला होता का आणि त्याचा रिपोर्ट काय आला, हे जाणून घेण्याचा हक्क प्रत्येक महिलेला आहे.

फाइलमध्ये किमान एवढे कागद असायला हवेत:

- ऑपरेशनच्या नोंदी आणि डिस्चार्ज कार्ड
- काढलेल्या गर्भाशयाचा हिस्टोपॅथॉलॉजी रिपोर्ट, त्यावर कॅन्सरचा प्रकार, ग्रेड आणि स्टेज
- रेडिएशन कुठे आणि किती दिलं त्याचा तपशील
- केमोथेरपी किंवा हार्मोनच्या औषधांची नावं आणि तारखा
- ब्लॉक आणि स्लाइड कोणत्या लॅबमध्ये आहेत, त्यांचा नंबर

या सगळ्याचे मोबाइलवर स्पष्ट फोटो काढा आणि घरातल्या आणखी एकाला पाठवून ठेवा. आभा क्रमांक काढला असेल, तर त्याच्याशी जोडलेल्या ॲपमध्येही ते साठवता येतात.

डॉक्टरांकडे कधी जायचं?

गर्भाशयाचा कॅन्सर होऊन गेला असेल, मग त्याला कितीही वर्षं झालेली असोत, पुढच्या तक्रारी दोन-तीन आठवड्यांपेक्षा जास्त काळ राहिल्या तर तपासणी करून घ्या:

- शौचाच्या सवयीत झालेला आणि टिकून राहिलेला बदल
- ओटीपोटात किंवा कमरेत सतत दुखणं
- पोट फुगणं, थोडं खाल्लं तरी पोट भरल्यासारखं वाटणं
- कारण नसताना वजन उतरणं

शौचावाटे किंवा योनीमार्गातून रक्त गेलं, तर दोन आठवडे थांबू नका. आणि पोटात जोराच्या कळा, उलट्या, पोट ताठ होणं, शौच आणि वायू दोन्ही बंद होणं असं एकत्र झालं, तर आतड्यात अडथळा आलेला असू शकतो. त्यासाठी त्याच दिवशी, तातडीने रुग्णालय गाठा.

डॉक्टर कोणतेही असोत, पोटाचे, मूळव्याधीचे किंवा गल्लीतले फॅमिली डॉक्टर, त्यांना पहिल्याच भेटीत सांगा: "माझं गर्भाशय कॅन्सरमुळे काढलं होतं, अमुक साली. हा त्याचा रिपोर्ट." आईला किंवा सासूबाईंना हे सांगायला अवघड वाटत असेल, तर सोबत जाणाऱ्याने सांगा. बायॉप्सी ठरली, तर ही माहिती पॅथॉलॉजीच्या फॉर्मवर लिहिली आहे का, तेही तिथेच विचारून घ्या.